फोटोतला घोडा

तानिगुची,
११ फेब्रुवारी, सम्राट-शक २६०० (१९४०)

ती. शिगेताईस,
धाकट्या गेन्झोचा सा. न. वि. वि.

वर डोंगरात अजून बर्फ असेल आणि तुझ्या बोटांच्या भेगा पुन्हा उघडल्या असतील. सोबत मलमाची डबी पाठवतो आहे. इकडे आज आपल्या साम्राज्याला दोन हजार सहाशे वर्षं पूर्ण झाल्याचा सोहळा झाला. शाळेच्या पटांगणात आठशे मुलं राजवाड्याच्या दिशेला तोंड करून वाकली आणि एकही शिंकलं नाही. निरीक्षकसाहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की एवढी शांतता त्यांनी दुसऱ्या कुठल्या शाळेत ऐकलेली नाही.

आता मुद्द्याचं. समुद्रापलीकडे मांचुरियात आपल्या खोऱ्यातल्या लोकांची जी वसाहत झाली आहे, तिथल्या तरुण शेतकऱ्यांना बायका हव्यात. प्रत्येक मुख्याध्यापकाने चार मुली सुचवायच्या, असं वरून आलं आहे. माझ्या तीन झाल्या. चौथी घरचीच असावी असं मला वाटतं. लोकांना पुढे व्हा म्हणायचं आणि आपण मागे राहायचं, हे माझ्याने होणार नाही. मला मुलगी नाही हे माझं दुर्दैव. पण भाची आहे. मित्सुए वीस वर्षांची झाली.

मुलाचा फोटो सोबत आहे. नाव कान्जी, वय सत्तावीस, तिकडे जाऊन तीन आठवडे झाले. आपल्या वाडीतल्या दहा घरांची मिळून नसेल एवढी जमीन एकट्याच्या नावावर मिळाली आहे. जमीन रिकामीच पडून होती. शेजारी उभा आहे तो घोडाही त्याचाच.

मित्सुएची जबाबदारी माझी. तिला कधीही, कुठल्याही कारणाने परत यावंसं वाटलं, तर मी स्वतः जाईन आणि हाताला धरून तिला तुझ्या उंबरठ्यावर आणून उभी करीन. हे लेखी देतो आहे. पत्र जपून ठेव.

तुझी माया आहे तशीच राहो.
तुझा,
गेन्झो

---

कामिनोसावा,
फेब्रुवारीची अखेर, शोवा १५ (१९४०)

चि. गेन्झोस,
अनेक उ. आ.

मलम पोचलं. वास छान आहे, भेगा आहेत तिथे आहेत. तुझ्या पत्रावरचा २६०० आकडा पाहून मी दचकलेच. एवढी वर्षं गेली आणि मला कुणी कळवलं कसं नाही! आमच्या पोस्टाच्या शिक्क्यावर अजून शोवा राजवटीचं पंधरावंच वर्ष चालू आहे.

मुलगा बरा दिसतो. कान मोठे आहेत, म्हणजे ऐकून घेत असेल. पण गेन्झो, घोड्याशी माझी आधीची ओळख निघाली. कपाळावर पांढरा डाग, डावा कान टोकाला फाटलेला. खालच्या वाडीतल्या तोमेच्या मुलीला गेल्या वर्षी स्थळ आलं होतं, त्या फोटोत नवरा वेगळा होता, घोडा हाच. मी तोमेकडे जाऊन दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले. नवरे बदलतात, घोडा मात्र आपला जागच्या जागी उभा.

आणखी एक. जमीन रिकामी होती म्हणतोस. मग कान्जीच्या मागे ज्या नांगरलेल्या सरळ ओळी दिसतात त्या कुणाच्या? तीन आठवड्यांत, तेही जमीन गोठलेली असताना, एवढं नांगरणारा जावई असेल तर मला घोड्याचीही गरज नाही.

माझ्या मनात नाहीच म्हणायचं होतं. पण तू आमच्या गावच्या शाळेत होतास तेव्हा पोरीने सहा वर्षं दिवसभर तुझं ऐकलं. माझं ऐकलं ते फक्त दिवेलागणीला, तेही अर्धं झोपेत. तिने भिंतीवर मांचुरियाचा नकाशा लावला आहे. उकळत्या पाण्यातून कोषाचं टोक तिच्याइतकं अलगद कुणी उचलत नाही, आणि तिथे म्हणे रेशीमच नाही. बरं, तुझ्या शब्दावर हो म्हणते. अट एकच: पहिलं बाळंतपण माहेरी.

वहिनीला आशीर्वाद सांग. आणि कधीतरी स्वतः ये, पत्रं काय कुणीही पाठवतं.
तुझी,
शिगेताई

---

कामिनोसावा,
१८ मार्च, शोवा २० (१९४५)

चि. गेन्झोस,
अनेक उ. आ.

पाच वर्षांत तुला मी कधी काही मागितलं नाही, आज मागते आहे.

मित्सुएचं पत्र आलं. दोनदा राहिलं नाही, या खेपेला राहिलं आहे. जुलैत दिवस भरतील. कान्जीला फौजेने उचललं. वसाहतीत आता म्हातारे, बाया आणि पोरं, एवढेच. घोडा वसाहतीच्या कचेरीचा होता हे तिने पहिल्याच वर्षी कळवलं होतं. फोटोवाला आला की त्याला खरारा करून बाहेर काढत. तो घोडाही फौजेने नेला. बिचाऱ्याचं फोटो काढून घेणं तरी संपलं.

तिला बाळंतपणाला इकडे यायचं आहे. प्रवासाचा परवाना तुझ्या शिफारशीशिवाय मिळत नाही, असं तिथली कचेरी म्हणते. तेवढी चिठ्ठी तू दे. तुतीची झाडं उपटून सगळ्यांनी रताळी लावली आहेत, मी मात्र घरामागच्या दोन ओळी राखल्या. रेशीमकिड्यांची खोली रिकामीच आहे. तिथे ऊब असते, तिथेच तिची खाट टाकीन.

वाट पाहते.
शिगेताई

---

तानिगुची,
२ एप्रिल, सम्राट-शक २६०५ (१९४५)

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तुझी प्रकृती बरी असेल अशी आशा करतो.

तुझी तळमळ मी समजू शकतो. पण थोडा विस्तृत विचार करावा लागेल. आमच्या शाळेने सुचवलेल्या एकशे सहा माणसांपैकी आजवर एकही परत आलेलं नाही, आणि जिल्ह्यात हा मान फक्त आपला आहे. अशा वेळी मुख्याध्यापकाची भाचीच परत आली, तर मागे राहिलेल्यांनी काय समजायचं? शिवाय समुद्रात पाणबुड्या आहेत. मांचुरियातली आपली फौज म्हणजे लोखंडी भिंत आहे. सध्या साऱ्या साम्राज्यात बाळंतपणाला तिच्याइतकी सुरक्षित जागा नाही. तू तिला येऊ नकोस म्हणून लिही. त्यात माझा उल्लेख नको. आईच्या मनाने लिही, तिला ते जास्त पटेल.

पर्सिमॉनची फळं वाळवली असतील तर थोडी पाठव.
गेन्झो

---

कामिनोसावा,
९ मे, शोवा २० (१९४५)

चि. गेन्झोस,
आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं लिहिलं. चार वेळा लिहिलं, तीन वेळा फाडलं, चौथं पोस्टात टाकलं. तुझं नाव कुठेही नाही. माझ्याच अक्षरात, येऊ नकोस.

पर्सिमॉन पाठवले आहेत.
शिगे

---

तानिगुची,
२० नोव्हेंबर, शोवा २० (१९४५)

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. नव्या काळाला सामोरं जाण्यात आमची शाळा जिल्ह्यात पहिली आली, हे वाचून तुला समाधान वाटेल. पाठ्यपुस्तकांतला युद्धाचा, सम्राटभक्तीचा आणि वसाहतींचा मजकूर शाईने काळा करावा, असा आदेश आला. शिक्षकाने पान आणि ओळ सांगायची, ती ओळ एकदा मोठ्याने वाचायची, म्हणजे चूक होत नाही, आणि मुलांनी कुंचल्याने ती पुसायची. इतर शाळांना तीन दिवस लागले. आमच्याकडे एका सकाळीत आटोपलं. एकही डाग समासाबाहेर गेला नाही. अमेरिकन अधिकारी जीपमधून आला होता, त्याने पानं उलटून पाहिली आणि मला सिगारेट दिली.

एकच त्रुटी राहिली. पहिल्या खेपेची शाई पातळ झाली आणि पान उजेडाला धरलं की सगळं वाचता येऊ लागलं. उलट, जी मुलं एरवी कधी वाचत नव्हती तीही आता खिडकीपाशी गर्दी करून वाचायला लागली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दाट शाई दिली.

मित्सुएबद्दल धीर धर. रशियन फौज आल्यानंतर तिकडची टपाल व्यवस्था बंद आहे, एवढंच.
तुझा,
गेन्झो

---

कामिनोसावा,
१२ एप्रिल, शोवा २१ (१९४६)

चि. गेन्झोस,
अनेक उ. आ.

परवा मी मत दिलं. बायकांना मत म्हणजे काय ते तू पत्रात छान समजावलं होतंस: प्रत्येकीने कुणाचंही न ऐकता स्वतःच्या बुद्धीने ठरवायचं, आणि कुणाला द्यायचं ते नाव खाली लिहून दिलं होतंस. मी चिठ्ठी बरोबर नेली होती. पेटीपाशी गेल्यावर आठवलं, की तुझ्या अक्षरातलं मागचं एक सांगणं मी तंतोतंत पाळलं होतं. तेव्हा चिठ्ठी कंबरपट्ट्यात तशीच ठेवली आणि दुसऱ्याच माणसाला दिलं. तो पडला. पण मजा आली.

तोमेची मुलगी मांचुरियाहून आली. एकटी. लोखंडी भिंत कुठे गेली म्हणून मी तिला विचारलं. ती म्हणाली, की भिंत सगळ्यांच्या आधी रेल्वेत बसून गेली, अधिकारी आणि त्यांच्या बायका-पोरांसकट. मित्सुए सप्टेंबरपर्यंत तिच्याबरोबर होती, नंतर चुकामूक झाली.

टपाल व्यवस्था बंद आहे म्हणतोस. तोमेच्या पोरीने टपालाची वाट पाहिली नाही, चालत आली.

माझा जीव त्या पोरीत आहे, आणि तुला ते माहीत आहे.
शिगेताई

---

तानिगुची,
२५ सप्टेंबर, इ.स. १९४६

प्रिय शिगेताई,
सा. न. वि. वि. (लोकशाहीत असं लिहायचं की नाही, याबद्दल अजून परिपत्रक आलेलं नाही.)

एका नाजूक कामासाठी लिहितो आहे. शिक्षकांच्या चौकशीसाठी समित्या बसल्या आहेत. युद्धकाळात कुणी विद्यार्थ्यांना किंवा पालकांना भरीस घातलं का, हे पाहून नोकरीवर ठेवायचं की काढायचं ते ठरेल. मला दोन गोष्टी हव्यात. पहिली, तुझ्याकडून एक दाखला: मी कुणावर सक्ती केली नाही. ज्या घरची मुलगी गेली त्या घराचाच दाखला असला, तर त्याला वजन येतं.

दुसरी, माझी पत्रं. त्या काळचा पत्रव्यवहार सादर करा असं समिती म्हणते. माझी पत्रं सादर करण्याजोगी आहेत, पण काही वाक्यं त्या काळच्या ओघात गेली आहेत. यादी देतो, तेवढी पुसून बंडल मला पाठव. १९४० च्या पत्रात तारीख, पटांगणाचा मजकूर, त्याखालचे चार वधूंचे आणि जमिनीचे दोन परिच्छेद. २ एप्रिल १९४५ च्या पत्रात पहिली आणि शेवटची ओळ सोडून सगळं. शाई दाट घे. पातळ शाईचा अनुभव तुला कळवलाच आहे.

मला शिकता यावं म्हणून तू बाराव्या वर्षी गिरणीत कोष उकळायला गेलीस. ते वाया जाऊ नये, एवढीच इच्छा.
तुझा,
गेन्झो

---

कामिनोसावा,
८ नोव्हेंबर, शोवा २१ (१९४६)

चि. गेन्झोस,
आशीर्वाद.

मित्सुए आली.

चौदा ऑक्टोबरला दुपारी मी रताळी काढत होते. बांधावर एक पोरगेला शिपाई उभा दिसला, टोपी नाही, डोकं तासलेलं. कुठल्या घरचा म्हणून विचारणार, तेवढ्यात त्याने रताळ्याची माती ज्या तऱ्हेने झटकली त्यावरून ओळखलं. वाटेतल्या सैनिकांना चुकवायला तिने पुरुषाचा वेश घेतला होता. बंदरावर जंतुनाशकाची पांढरी भुकटी मारली होती, ती अजून कानामागे होती. तिला हाताला धरून कुणी आणलं नाही. उंबरठ्यापर्यंत ती स्वतःच आली, आणि आत ये म्हटल्यावर पाहुण्यासारखी आभार मानून आत आली.

तीन आठवडे ती माझ्याशी असंच बोलली. जेवण छान झालं, त्रास घेऊ नका. मला वाटलं, तिकडे जे भोगलं त्यामुळे असेल. काही विचारलं नाही.

मग तुझं काम काढलं. शाई उगाळली. माझे हात आता थरथरतात, समासाबाहेर जाईल आणि तुझ्या शाळेचं नाव खराब होईल, म्हणून कुंचला तिच्या हाती दिला. तुझ्या शाळेची मुलगी ती. पुसायच्या आधी ओळ मोठ्याने वाचायची, हे मीच तिला तुझ्या पत्रातून सांगितलं. पहिलं पत्र झालं. एप्रिलचं घेतलं. आईच्या मनाने लिही, तिला ते जास्त पटेल, इथवर वाचून ती थांबली. तिने मला विचारलं, येऊ नकोस हे मामाचं होतं का. मी म्हटलं, शब्द मामाचे होते, पोस्टात मी टाकले. मी नाही म्हणू शकले असते. तिने कुंचला खाली ठेवला. मग तीन आठवड्यांत पहिल्यांदा तिने मला आई म्हटलं आणि रडली. गेन्झो, तुझ्या चौकशीचं काय व्हायचं ते होवो, माझी चौकशी त्या दुपारी झाली.

त्यानंतर तिने सगळं सांगितलं. मुलगी झाली, जुलैच्या सव्वीसला. नाव चियो ठेवलं. कान्जी गेला. चालून चालून मित्सुएचं दूध आटलं. वाटेत एका झोपडीशी लियू नावाची चिनी बाई होती. तिने बाळाला आधी ज्वारीची पेज पाजली आणि मग ठेवून घेतलं. मित्सुए चालत होती त्या रस्त्यावर पोरं मरत होती, म्हणून तिने बाळ दिलं. निघताना कळलं, की वसाहतीतली कान्जीची जमीन आधी त्याच लियू बाईच्या घरची होती. फोटोतल्या नांगराच्या ओळी तिच्या नवऱ्याच्या. सहा वर्षांपूर्वी मी तुला विचारलं होतं, त्याचं उत्तर मिळालं. तू तसदी घेऊ नकोस.

बंडल पाठवते आहे. शाई दाट आहे, उजेडाला धरून पाहिली. एप्रिलच्या पत्रात आता फक्त माझी प्रकृती आणि तुझे पर्सिमॉन उरले आहेत. पहिल्या पत्रात मलमाची डबी राहिली आणि शेवटचा एक परिच्छेद: मी स्वतः जाईन आणि हाताला धरून तुझ्या उंबरठ्यावर आणून उभी करीन. तो तुझ्या यादीत नव्हता. विसरलास की मुद्दाम ठेवलास, ते मला ठाऊक नाही. मित्सुए आपली आपण आली, तेव्हा तुझा शब्द अजून वापरायचा राहिला आहे. चियोला आण. सव्वा वर्षाची झाली.

दाखलाही जोडला आहे. खरं तेच लिहिलं: माझ्या भावाने कुणावर सक्ती केली नाही. तो नुसता सांगायचा, आणि आम्ही ऐकायचो.

लोभ उरला आहे, किती ते तू येशील तेव्हा पाहू.
शिगेताई

---

तानिगुची,
१६ फेब्रुवारी, इ.स. १९४७

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

समितीने मला पूर्ण निर्दोष ठरवलं! अध्यक्ष म्हणजे आपले जुने निरीक्षकसाहेबच निघाले. पत्रांची नीटनेटकी स्थिती पाहून ते फार खूश झाले. तुझा दाखला त्यांनी मोठ्याने वाचला. नुसतं सांगायचं आणि लोकांनी ऐकायचं, हीच तर चर्चेने पटवण्याची लोकशाही पद्धत, असं त्यांनी टिपणात नमूद केलं. एप्रिलपासून मी नव्या माध्यमिक शाळेचा मुख्याध्यापक. स्त्रियांच्या स्वातंत्र्यावर माझी तीन व्याख्यानं ठरली आहेत.

चियोबद्दल म्हणशील, तर सध्या चीनशी त्या स्वरूपाचा संपर्क नाही. योग्य वेळी योग्य मार्गाने पाहू. तिसऱ्या व्याख्यानात मी या प्रश्नाचा उल्लेख करणार आहे.

एक आनंदाची गोष्ट. मांचुरियातून परतलेल्यांना डोंगरमाथ्यावरची पडीक जमीन देऊन नवी वसाहत वसवायची योजना आली आहे. तिथल्या होतकरू तरुणांना अनुभवी बायका हव्यात. प्रत्येक मुख्याध्यापकाने काही नावं सुचवायची आहेत. मित्सुएचा विचार अर्थातच प्रथम मनात आला. नव्या आयुष्याची सुरुवात होईल. निर्णय सर्वस्वी तिचा, तेच तर स्वातंत्र्य. मुलाचा फोटो सोबत आहे. शेजारी घोडा उभा आहे. जमीन रिकामीच आहे. उत्तर महिनाअखेरपर्यंत यावं.

तुमच्या दोघींचा लोभ लाभत राहो.
गेन्झो

---

कामिनोसावा,
२ मार्च, शोवा २२ (१९४७)

चि. गेन्झोस,
आशीर्वाद.

अभिनंदन. तुतीला डोळे फुटले आहेत. राखलेल्या दोन ओळींवर मित्सुए या वसंतात किडे धरणार आहे. तिची खाट हलवून खोली पुन्हा साफ केली. ती चिनी अक्षरं गिरवते आहे, लियू बाईच्या गावचा पत्ता लिहिता यावा म्हणून. टपाल सुरू होईल त्या दिवशी पहिलं पत्र तिचं जाईल. त्यात येऊ नकोस असं कुठेही नसेल, आणि ते मी वाचणारही नाही.

तुझं पहिलं पत्र, तो एक परिच्छेद उरलेलं, परत पाठव. समितीचं काम झालं असेल; आमचं राहिलं आहे.

फोटो परत करते आहे. निर्णय सर्वस्वी मित्सुएचा असं तू लिहिलंस, म्हणून तो तिच्यापुढे ठेवला. तिने शाई उगाळली, तीही दाट. मुलगा गेला, मागची रिकामी जमीन गेली, वरचा डोंगर गेला, सगळं समासाच्या आत. घोडा तेवढा तिने तसाच ठेवला आहे. मी कारण विचारलं, तर म्हणाली, त्याने कधी कुणाला शब्द दिला नव्हता.

शिगेताई